कुऱ्हाड कुणाच्या मानेवर

७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन सिनेमात ‘सैरंध्री’ लागला. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा हा पहिला मूकपट. गोष्ट महाभारतातली, सगळ्यांना पाठ असलेली. अज्ञातवासातली द्रौपदी विराटाच्या राणीची दासी झाली आहे, राणीचा भाऊ कीचक हात धुऊन तिच्या मागे लागला आहे. भर दरबारात तो तिला लाथ घालतो आणि राजासकट सगळे माना खाली घालून बसतात. मग रात्र, नृत्यशाळा आणि अंधारात दबा धरून बसलेला भीम. व्यासांनी हा वध हातचं काही न राखता वर्णन केला आहे. भीमानं कीचकाचे हातपाय आणि डोकं धडातच कोंबून त्याचा मांसाचा गोळा केला. नंतर जमलेल्या लोकांना मुंडकं कुठलं आणि पाय कुठले तेच कळेना. कीर्तनात हा भाग आला की बुवांचा आवाज चढतो आणि मागच्या रांगेतली पेंगणारी मंडळीही सावरून बसतात. पण कानांनी ऐकणं निराळं आणि डोळ्यांनी बघणं निराळं. बाबूराव पेंटर यांनी तो वध पडद्यावर इतका खरा उभा केला की सेन्सॉरनं तो प्रसंगच काढून टाकायला लावला.

भीम होते बाळासाहेब यादव, कीचक झुंझारराव पवार. कोल्हापूर तालमींचं गाव, तिथल्या माणसाला अंगाला अंग न लावता कुस्ती दाखवली तर तो पैसे परत मागेल. शिवाय पेंटर हाडाचे चित्रकार. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि रंगवलेला पडदा कुठे खोटा पडतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यामुळे सिनेमात त्यांनी सपाट पडद्यांऐवजी खांब, भिंती, कमानी असलेली भरीव नेपथ्यं उभारली. दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात स्त्रीभूमिका पुरुषांनी केल्या होत्या, इथे द्रौपदी आणि राणी यांच्या भूमिकांसाठी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रिया उभ्या राहिल्या. समाजानं त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं तो भाग वेगळा. सांगायचं एवढंच की कीचकाच्या अंगावर भीम जातो तेव्हा प्रेक्षकाच्या मनात ‘हे आपलं नाटक आहे’ अशी फट राहू नये, याची सगळी तयारी करून ठेवलेली होती.

ज्या कॅमेऱ्यानं हे टिपलं तोही घरचाच. बाबूराव आणि त्यांचे आतेमामेभाऊ आनंदराव यांना फाळक्यांचा सिनेमा बघून ध्यास लागला, पण विलायती कॅमेरा घ्यायचा तर खिसा फाटका. तेव्हा दोघांनी तो स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं काम पुढे रेटलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालता केला. भांडवलासाठी पुढे आल्या त्या तानीबाई कागलकर, गाणाऱ्या बाई. मराठी सिनेमाच्या इतिहासात त्यांचं नाव एका ओळीत उरकलं जातं, तसं ते मीही इथे उरकतो आहे, पण त्यांनी गाठ सोडली नसती तर पुढची प्रभात फिल्म कंपनीसुद्धा झाली नसती. दामले, फत्तेलाल, शांताराम ही सगळी माणसं याच अंगणात वाढली.

आता कात्रीची गोष्ट. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं सरकारला चित्रपट तपासायचा अधिकार दिला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा ठिकाणी त्यासाठी मंडळं आली. ‘सैरंध्री’ नेमका या उंबरठ्यावर सापडला. वधाचं दृश्य बीभत्स म्हणून कापलं, असं कारण. ते खोटं मानायला आधार नाही. पण कीचकाचं नाव काढलं की सरकारी कचेरीत कुणाच्या तरी कपाळाला आठी पडत असणार, एवढं इतिहासावरून म्हणता येतं. चित्रपट बेतला होता कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकावर. ते १९०७ मध्ये रंगमंचावर आलं. खाडिलकर ‘केसरी’तले, टिळकांच्या अगदी आतल्या गोटातले. नाटकातला उन्मत्त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, छळ सोसणारी द्रौपदी म्हणजे देश, ‘थांबा, वेळ आलेली नाही’ म्हणणारा धर्मराज म्हणजे मवाळ मंडळी आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सरकारला समजायला तीन वर्षं लागली, मग १९१० मध्ये बंदी आली. त्यानंतर दहा वर्षांनी तोच कीचक मूकपटात मरायला आला होता. या वेळी त्याच्या तोंडी संवाद नव्हते, त्यामुळे राजद्रोहाची ओळ शोधायची तरी कुठे? कापण्यासारखं हाती लागत होतं ते मरणच.

टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर सहा महिन्यांत टिळक गेले. ‘सैरंध्री’ची प्रत आज उपलब्ध नाही. कापलेला वध नाही आणि कापून उरलेला चित्रपटही नाही. शंभर वर्षं टिकली ती फक्त त्या प्रसंगाची कीर्ती.

या प्रसंगाबद्दल एक गोष्ट मात्र आपण खात्रीनं सांगू शकतो. प्रेक्षक कितीही दचकला असेल, तरी त्याला हवं होतं तेच घडत होतं. लाथ मारणाऱ्याचा पाय मोडला. दरबार गप्प बसला तर नवरा उठला, आणि हिशेब रात्रीतच चुकता झाला. असा प्रसंग अंगावर येतो, लक्षातही राहतो, पण झोप उडवत नाही. उलट झोप चांगली लागते.

झोप उडवणारं काहीतरी खुद्द पेंटरांनाच पुढे सापडलं, आणि ते सापडलं तेव्हा त्यात रक्ताचा थेंब नव्हता. १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. सावकाराच्या पायी जमीन घालवून बसलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. पुराणातले देव आणि इतिहासातले किल्ले सोडून कॅमेरा पहिल्यांदाच अशा घरात शिरला होता. चित्रपट नावाजला गेला, पण धंद्याच्या दृष्टीनं त्यांच्याच आधीच्या ‘सिंहगड’सारखी गर्दी त्याला मिळाली नाही. पेंटरांनी हीच कथा १९३६ मध्ये बोलपटात पुन्हा केली. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी या बोलपटाची आठवण लिहून ठेवली आहे. मूकपट त्यांना पुसट आठवत होता. पण बोलपटातलं एक दृश्य आठवलं की आपली तंद्री लागते, असं ते म्हणतात. ते दृश्य काय, तर काळोखात बुडालेली एक भकास झोपडी, दुरून दिसणारी, आणि कुत्र्याचं विव्हळणं. बाकी काही नाही. माणूससुद्धा नाही. बोलपट येऊन पाचच वर्षं झाली होती. पडद्यावर आवाज आला म्हणून जो तो गाण्यांचा रतीब घालत होता, आणि एक माणूस एका कुत्र्यापुरता आवाज वापरून थांबला होता.

मारामारीचं दृश्य कापता येतं. झोपडी कशी कापणार?

मधली तीसेक वर्षं मी झटकन ओलांडतो. प्रभातचे चित्रपट सामाजिक प्रश्नांना भिडले, काही वेळा फार धीटपणे. पण प्रश्नाला उत्तर असतं, माणूस सुधारतो, ही श्रद्धा त्या काळाला होती आणि स्वातंत्र्य जवळ येत असलेल्या काळाला ती शोभतही होती. तमाशापटांनी आणि ग्रामीण चित्रपटांनी पाटील, सावकार, इनामदार हे खलनायक ठरवून टाकले आणि त्यांना शेवटच्या रिळात शिक्षा द्यायची व्यवस्था लावून दिली. कीचक मरत राहिला. फक्त त्याच्या डोक्यावर मुकुटाऐवजी फेटा आला.

ही व्यवस्था मोडली ती सत्तरच्या दशकात, आणि मोडण्यात एका पत्रकार-नाटककाराचा मोठा हात होता. विजय तेंडुलकरांना १९७३ ते १९७५ या काळात नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली होती. विषय, समाजातली वाढती हिंसा. ते देशभर हिंडले, गुन्हेगारांना भेटले, पोलिसांशी बोलले. त्याआधीच ‘गिधाडे’ आणि ‘सखाराम बाइंडर’वरून त्यांनी महाराष्ट्राचा रोष ओढवून घेतला होता. ‘गिधाडे’च्या वेळची एक हकिगत नाट्यवर्तुळात अजून रंगवून सांगतात. नाटकातल्या बाईच्या लुगड्यावरचा तांबडा डाग सेन्सॉरला खुपला. डाग ठेवायचा तर रंग बदला, असं ठरलं. मग दिग्दर्शक श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना तशी सूचना देऊ लागले. ज्याच्या डोक्यात आधी काही नव्हतं तोही मग निळ्या डागाकडे डोळे फाडून बघू लागला. कात्रीनं एखादी गोष्ट विसरायला लावली असं कधी घडलेलं नाही.

श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ १९७४ चा. शेवटी तरुण जमीनदार एका निरपराध मुक्या माणसाला चाबकानं झोडपतो. त्याची बायको शिव्याशाप देत धावते. गर्दी पांगते आणि एक लहान पोरगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतो. काच फुटते. तेव्हाच्या प्रेक्षकांना या दगडात पुढचा काळ दिसला. नावातच अंकुर होता. लगोलग १९७५ मध्ये तेंडुलकरांनी बेनेगलांसाठी ‘निशांत’ लिहिला आणि त्या अंकुराचं काय होतं ते दाखवलं. गाव एकदा उठतं तेव्हा जमीनदारांबरोबरच ज्या बाईला त्यांनी पळवून आणलं होतं तिलाही ठार करतं. जिच्यासाठी उठाव, तीच त्यात संपली. मराठीत तेंडुलकर-जब्बार पटेल जोडीच्या ‘सामना’नं याच सुमाराला ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न विचारून ठेवला होता, जो अजून महाराष्ट्रात कुणीही, कुठल्याही सभेत, काहीही गायब झालं की विचारतो. पण या सगळ्यांची धार एकत्र आली ती १९८० च्या ‘आक्रोश’मध्ये.

दिग्दर्शक गोविंद निहलानी, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. तोवर ते छायाचित्रकार होते. सत्यदेव दुबे यांनी तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर १९७१ मध्ये चित्रपट केला, त्याला कॅमेरा निहलानींचा. ‘अंकुर’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’ हेही त्यांनीच टिपले. ‘आक्रोश’ची पटकथा तेंडुलकरांची, हिंदी संवाद दुबेंचे. भाषा हिंदी, पण त्यातली कचेरी, तो कोर्टाचा व्हरांडा, वकिलाच्या घरातला पाट, पत्ते खेळणारे गावचे पाच प्रतिष्ठित, सगळं आपल्या तालुक्याच्या गावचं. मोहन आगाशे, अरविंद देशपांडे ही मंडळी आहेतच, शिवाय नाटककार महेश एलकुंचवार एका कार्यकर्त्याच्या भूमिकेत दिसतात.

चित्रपट सुरू होतो तो चितेपासून. लहान्या भिकू नावाच्या आदिवासीला पोलीस बेड्या घालून आणतात. त्याच्या बायकोच्या, नागीच्या चितेला अग्नी द्यायला. तिचा खून त्यानंच केला असा आरोप आहे. ओम पुरीचा तो खरबरीत चेहरा, जाळाच्या उजेडात चमकणारे डोळे, आणि तोंडातून अवाक्षर नाही. मग भास्कर कुलकर्णी हा तरुण वकील (नसीरुद्दीन शाह) त्याचं वकीलपत्र घेतो आणि शेवटपर्यंत त्याला एक शब्द बोलता करायची धडपड करतो. भिकू बोलत नाही. कोर्टात नाही, कोठडीत नाही, बापासमोर नाही. आपण प्रेक्षकही हळूहळू वकिलाच्या बाजूचे होतो, वैतागतो. अरे बोल की बाबा, बोललास तर सुटशील!

खरं काय घडलं ते आपल्याला कळतं तेव्हा भिकूच्या गप्प राहण्याचं कारणही कळतं. नागीवर (स्मिता पाटील) गावच्या बड्या धेंडांनी मिळून अत्याचार केला आहे आणि खुनाचा आळ नवऱ्यावर टाकला आहे. ज्या व्यवस्थेकडे दाद मागायची तीच रोज संध्याकाळी क्लबात त्यांच्याबरोबर पत्ते पिसते. विराटाचा दरबार इथे भरला आहे. राणीचा भाऊ आहे, मान खाली घालणारे आहेत, ‘कायद्यानं चला’ म्हणणारा धर्मराजही आहे. तो म्हणजे सरकारी वकील दुसाने. अमरीश पुरींनी या भूमिकेचं सोनं केलं आहे. दुसाने स्वतः आदिवासी, शिकून वर आलेला, सूट घालणारा. त्याच्या घरी रात्री-अपरात्री निनावी फोन येतात, त्याच्या जातीवरून शिव्या देणारे. तो रिसीव्हर कानाला धरून नुसता ऐकत राहतो. पुरींचा तो चेहरा मला या चित्रपटातल्या कुठल्याही मारहाणीपेक्षा जास्त छळतो. वर चढून बसलेला माणूसही गप्पच आहे, फक्त त्याचं गप्प बसणं इस्त्रीचं आहे.

आणि शेवट. भिकूचा म्हातारा बाप मरतो. पुन्हा चिता, पुन्हा पोलीस, पुन्हा भिकूला अग्नी द्यायला आणलेलं. बाजूला त्याची तरुण बहीण उभी आहे. भिकू मान वर करतो तर कामावरचा मुकादम तिच्याकडे बघतो आहे. कसा, ते भिकूला ओळखीचं आहे. जवळच कुऱ्हाड पडलेली आहे. भिकू ती उचलतो.

इथे, या क्षणी, मांडीवरचं महाभारत आपल्याला सांगतं की आता मुकादमाचं मुंडकं उडणार. साठ वर्षं मराठी-हिंदी सिनेमानं हेच शिकवलं आहे. भिकू कुऱ्हाड घालतो ती बहिणीच्या मानेवर. मग आकाशाकडे तोंड करून किंचाळतो, पुन्हा पुन्हा. सगळा चित्रपटभर जो आवाज दाबून ठेवला होता तो असा बाहेर येतो, आणि त्यात शब्द एकही नाही.

१९८१ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ‘आक्रोश’ला सुवर्णमयूर मिळाला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ज्यांनी तो चित्रपट एकदाच पाहिला आहे ते पुरस्कार सांगत नाहीत, ते कुऱ्हाड सांगतात. या शेवटावर आक्षेपही घेतले गेले आणि ते अगदीच टाकाऊ नाहीत. पुरुषांच्या अब्रूचा हिशेब पुन्हा एका बाईच्या जिवावर का मिटवायचा? तिला कुणी विचारलं? नागी गेली, बहीणही गेली, आणि दोघींच्या वाट्याला चित्रपटात संवाद तरी किती आले? मला हा आक्षेप मान्य आहे, आणि तरी तो प्रसंग बदलावा असं वाटत नाही. तेंडुलकरांनी भिकूला नायक केलेलं नाही. अन्याय माणसाचा नेम कसा चुकवतो ते त्यांनी दाखवलं आहे. खऱ्या आयुष्यात, दारूच्या गुत्त्यावरून परतलेल्या मजुराच्या घरात, मुकादमावरचा राग कुणाच्या पाठीवर निघतो हे आपल्याला माहीत नाही असं थोडंच आहे!

तीन वर्षांनी याच त्रयीनं, म्हणजे निहलानी, तेंडुलकर आणि ओम पुरी यांनी ‘अर्धसत्य’ केला. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरचा. तिथे फौजदार वेलणकर अखेर गुंड रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि टाळ्या पडतात. ‘अर्धसत्य’ गर्दीत चालला. भीमाला भीमाचं काम करताना बघायला लोक पुन्हा आले, त्यात नवल नाही. ‘आक्रोश’ला ती गर्दी लाभली नाही.

पुढचा टप्पा यायला तीस वर्षं जावी लागली, आणि तो आला करमाळा तालुक्यातल्या जेऊर गावातून. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये चित्रपटगृहांत लागला. कैकाडी कुटुंबातला जब्या (सोमनाथ अवघडे) गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो आहे. तिची राख शिंपडली की शाळेतली शालू आपल्याला वश होईल, असं त्याला कुणीतरी सांगितलं आहे. पण गावाला त्याच्याकडून हवं आहे ते डुकरं पकडण्याचं काम. शेवटच्या अर्ध्या तासात सगळं कुटुंब भर गावात डुकरामागे धावतं आणि गाव कठड्यावर बसून मॅच बघावी तशी मजा बघतं. कुणी मोबाइलवर टिपतं, कुणी लगेच फेसबुकवर चढवतं. एकदा डुक्कर अगदी हाताशी येतं आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो, सावधान उभा राहतो. बहिणी उभ्या राहतात. बाप कचरू (किशोर कदम) उभा राहतो. डुक्कर चालतं होतं. थिएटरात या ठिकाणी लोक हसतात, आणि हसू ओठावर असतानाच त्यांना कळतं की आपण कठड्यावरच्या मंडळींत जाऊन बसलो आहोत.

मंजुळे त्याची पावती लगेच देतात. डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते. तिच्यावर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा ओळीनं रंगवलेले. टोळकं जब्याच्या मागे चिडवत येतं, बहिणीची छेड काढतं. जब्याचा संयम सुटतो. तो दगड उचलतो आणि फेकतो. दगड येतो तो सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्या तोंडावर, आणि पडदा काळा. ‘अंकुर’मधला दगड खिडकीवर बसला होता. चाळीस वर्षांत तो जमीनदाराच्या वाड्यावरून तिकीट काढून बसलेल्या माणसापर्यंत पोचला.

मग २९ एप्रिल २०१६. ‘सैराट’.

‘सैराट’बद्दल नव्यानं सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही. ‘झिंगाट’ लागलं की माणसं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायला जात, काही गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले, आणि शंभर कोटींचा आकडा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत भला मोठा सिम्फनी वाद्यवृंद बसवला होता. पूर्वार्धात वरच्या जातीतली आर्ची बुलेट चालवते, खालच्या मानलेल्या जातीतला तिचा प्रियकर परशा विहिरीत उडी घेतो आणि त्या वाद्यवृंदाचं सुख कानांवर आदळत राहतं. ते सगळं जमवून मंजुळेंनी शेवटच्या प्रसंगाला काय दिलं? काहीच नाही. वाद्यं नाहीत, किंकाळी नाही, अखेरीस तर साधा आवाजही नाही.

प्रसंग पुन्हा आठवून बघा. दोघांनी पळून जाऊन हैदराबादेत संसार मांडून काही वर्षं झाली आहेत. हातात थोडा पैसा आला आहे, फ्लॅट घ्यायचं चाललं आहे. आर्चीनं आईला फोन केला आहे, मुलाचा आवाज ऐकवला आहे. ती दारात रांगोळी काढत असताना भाऊ प्रिन्स माणसं घेऊन येतो. आईनं पाठवलेल्या भेटी आहेत. आर्ची बावरते, मग हरखते. आत बोलावते, चहा टाकते. मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं आहे. एवढंच आपण बघतो. आपल्याला भीती वाटते आहे, पण चहाचे कप बघून आपणच आपल्याला समजावतो, की माहेरची माणसं आली म्हणजे मिटलं सगळं. नंतर शेजारीण मुलाला दाराशी सोडून जाते. ते आत जातं. आईबाप रक्तात पडलेले आहेत. मूल रडतं, पण रडणं ऐकू येत नाही. ते वळून बाहेर चालू लागतं आणि फरशीवर, रांगोळीशेजारून, त्याची लाल पावलं उमटत जातात.

वध दाखवलेलाच नाही. बाबूराव पेंटरांनी जे जीव तोडून खरं केलं होतं, नेमकं तेच मंजुळेंनी गाळलं. सुरा नाही, झटापट नाही, कोण आधी पडलं ते नाही. आणि आवाज काढून घेतल्यामुळे चित्रपटगृहात उरतो तो पंख्यांचा, कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज. थोड्याच वेळापूर्वी नाचलेली माणसं एकमेकांकडे न बघता बाहेर पडत. अजूनही टीव्हीवर ‘सैराट’ लागला की आर्ची रांगोळी काढायला बसली रे बसली, रिमोट शोधणारी घरं मला माहीत आहेत. पुढचं सगळं तोंडपाठ आहे, म्हणूनच बघवत नाही.

प्रिन्सचं काम करणारा मुलगा म्हणजे सूरज पवार. मंजुळेंच्या ‘पिस्तुल्या’ लघुपटात तोच शाळेसाठी तळमळणारा पोर होता, ‘फँड्री’त तोच जब्याचा दोस्त होता. ज्याच्यासाठी आपण हळहळलो होतो त्याच्याच हातात मंजुळेंनी सुरा दिला. हा प्रिन्स पूर्वार्धात वर्गात शिक्षकाला थोबाडीत मारतो, शिक्षक कोणत्या जातीचे ते कळावं असं तिथे पेरलेलं आहे, आणि घरी त्याबद्दल त्याची पाठ थोपटली जाते. शेवट खरं तर त्या थपडेतच लिहिलेला होता. गाण्यांच्या नादात आपण तो वाचला नाही.

खलनायकाला शिक्षा? पोलीस? बातमी? पुढे काही नाही. कीचक चहा पिऊन निघून गेला.

‘सैराट’ कन्नड, पंजाबी अशा भाषांत पुन्हा केला गेला आणि २०१८ च्या जुलैमध्ये हिंदीत ‘धडक’ आला. दिग्दर्शक शशांक खेतान. गाव उदयपूर, पळून जायचं शहर कोलकाता. शेवट बदलला. मुलगी वाचते, नवरा आणि मूल तिच्या डोळ्यांदेखत इमारतीवरून खाली येतात, ती किंचाळते. नुसता हिशेब केला तर हा शेवट मूळच्यापेक्षा क्रूर, कारण यात मूलही गेलं. पण ‘धडक’चा शेवट आठवून कुणी रिमोट शोधल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्या किंकाळीबरोबर प्रेक्षकाची छाती मोकळी होते, त्याच्या वाट्याचं तीच किंचाळून घेते. भिकूही किंचाळला होता, पण त्याच्या हातून जे झालं होतं त्याचं काय करायचं हे आपल्याला कळत नव्हतं, आणि म्हणून ती किंकाळी संपत नव्हती. इथे दुष्ट कोण, बिचारी कोण, सगळं जागच्या जागी आहे. शिवाय मूळ कथेत अंगणातल्या दगडासारखी टणक असलेली जात ‘धडक’मध्ये एवढी ओझरती येते, की उदयपूरच्या त्या मोठ्या घरच्या माणसांना नेमकं खुपलं तरी काय, हे न उमगताच प्रेक्षक पार्किंगमध्ये गाडीची चावी शोधायला लागतो.